शंभर ऑक्टेनचे पेट्रोल आणि आबांचा कान

१ डिसेंबर २०२० रोजी तत्कालीन पेट्रोलियम मंत्री धर्मेंद्र प्रधान यांच्या हस्ते इंडियन ऑइलचे ‘एक्सपी १००’ हे शंभर ऑक्टेनचे पेट्रोल देशाच्या बाजारात आले. ते मथुरेच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात तयार होऊ लागले आणि त्यामागचे ‘ऑक्टामॅक्स’ हे तंत्रज्ञान फरीदाबादच्या संशोधन व विकास केंद्रात विकसित झाले होते. १९७२ साली स्थापन झालेले हे केंद्र देशातील इंधनसंशोधनाचे एक मोठे ठाणे मानले जाते. पहिल्या टप्प्यात हे पेट्रोल दहा शहरांत मिळणार होते: दिल्ली, गुरुग्राम, नोएडा, आग्रा, जयपूर, चंडीगड, लुधियाना, मुंबई, पुणे आणि अहमदाबाद. ज्या गावात त्या इंधनाची विद्या घडली, त्या फरीदाबादचे नाव मात्र यादीत नव्हते.

ही बातमी फरीदाबादमधील एका कोल्हापूरच्या तरुणाने तेव्हा कापून ठेवली होती. यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेऊन तो येथील मोटारींचे सुटे भाग बनविणाऱ्या एका कारखान्यात नोकरीला लागला होता. त्याचे वडील, म्हणजे आबा, कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात चाळीस वर्षे गॅरेज चालवीत आले होते. फरीदाबाद हे नाव त्या घरात नोकरीच्या आधीपासून ठाऊक होते, कारण एस्कॉर्ट्सने बांधलेली राजदूत ३५० ही आबांच्या तरुणपणीची सर्वांत लाडकी मोटारसायकल होती. आपला मुलगा तिच्या गावात नोकरीला आहे, हे ते गिऱ्हाइकांना अगत्याने सांगत.

२०२१ च्या हिवाळ्यात मुलाने साठवलेल्या पैशांतून एक वापरलेली स्पोर्ट्स कार घेतली. ती दोन आसनांची, परदेशी बनावटीची आणि टर्बोचार्जर बसविलेली होती. पेट्रोलच्या झाकणाच्या आतील बाजूस एक लहानसे लेबल होते. त्यावर दोनच गोष्टी लिहिलेल्या होत्या: ‘किमान ९५ आरओएन’ आणि ‘इथेनॉल १० टक्क्यांपर्यंत’. त्या वेळी पंपावरचे साधे पेट्रोल किमान ९१ ऑक्टेनचे असे. हप्ते, विमा आणि घरभाडे यांतून महिनाअखेरीस फारसे काही उरत नव्हते. “साध्यावरही चालते,” असे कारखान्यातील मित्रांनी सांगितले आणि गाडी खरोखरच चालली. हिवाळाभर तिने एकदाही तक्रार केली नाही.

मे २०२२ मध्ये आबा पहिल्यांदाच फरीदाबादला आले. मुलाने त्यांना शेजारी बसवून गुरुग्रामच्या रस्त्याला गाडी घातली. हा रस्ता अरवलीच्या उंचवट्यावरून जातो. बाहेर लाहीलाही होत होती, आत एसी पूर्ण जोरात होता आणि चढणीवर वरच्या गिअरमध्येच मुलाने अॅक्सिलरेटर दाबला. इंजिनातून बारीक, धातूचा, पत्र्याच्या डब्यात छर्रे हलविल्यासारखा आवाज आला. मुलगा दचकला. त्याने वडिलांकडे पाहिले. ज्या माणसाने उद्यमनगरात नुसत्या आवाजावरून हजारो इंजिने ओळखली, तो शांतपणे समोरच्या टेकड्या पाहत होता.

“आबा, ऐकलंत का?”

“काय ऐकायचं? लोण्यासारखी पळतीया गाडी.”

मुलगा काही बोलला नाही. घरी परतल्यावर त्याने गाडीच्या निदानपोर्टला जोडणारे एक लहान उपकरण आणले आणि दुसऱ्या दिवशी त्याच चढणीवर एकट्यानेच गाडी नेली. मोबाइलच्या पडद्यावर ठिणगीच्या वेळेची रेषा प्रत्येक चढणीला मागे सरकत होती. गाडीला ते ऐकू येत होते. आबांना येत नव्हते.

या एका प्रसंगात दोन प्रश्न दडलेले होते. इंजिन का ठोकत होते, हा पहिला. आणि तो ठोका आबांच्या कानांपर्यंत का पोहोचला नाही, हा दुसरा. दोन्हींची उत्तरे भौतिकशास्त्राच्या एकाच पानावर सापडतात.

पेट्रोल इंजिनात हवा आणि पेट्रोलची वाफ यांचे मिश्रण दट्ट्या दाबतो आणि ठरलेल्या क्षणी स्पार्क प्लग ठिणगी टाकतो. त्यानंतर स्फोट होतो असे सर्रास म्हटले जाते, परंतु निरोगी इंजिनात ज्वाला ठिणगीपासून कडेपर्यंत क्रमाने पसरत जाते. मध्यम वेगात या प्रवासाला दोन-तीन सहस्रांश सेकंद लागतात. या काळात कडेला उरलेले न जळलेले मिश्रण ज्वालेच्या दाबाने आणखी चेपले जाते व तापते. ज्वाला तेथे पोहोचण्यापूर्वीच ते आपणहून पेटले, तर ते जवळजवळ एकदम जळते. दाबाच्या लाटा सिलिंडरच्या भिंतींवर आदळू लागतात आणि संपूर्ण दहनकक्ष घंटेसारखा वाजतो. यालाच मेकॅनिक नॉकिंग म्हणतात. या लाटा धातूवरचा वायूचा पातळ संरक्षक थर विस्कटतात, त्यामुळे उष्णता थेट दट्ट्यात शिरते. हे दीर्घकाळ चालले तर रिंगांच्या मधल्या कडा तुटतात, आणि पराकोटीच्या वेळी दट्ट्याला भोकही पडते.

घंटेचा स्वर तिच्या आकारावर अवलंबून असतो, तसाच हा स्वर सिलिंडरच्या व्यासावर ठरतो. तप्त वायूत ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ९५० मीटर धरला आणि सिलिंडरचा व्यास ८ सेंटिमीटर असला, तर मुख्य कंपन सुमारे ७,००० हर्ट्झचे येते. इंजिनच्या ब्लॉकवर बसविलेला नॉक सेन्सर म्हणजे दाब पडला की विद्युतदाब निर्माण करणारा एक पिझोइलेक्ट्रिक स्फटिक होय. तो नेमका याच पट्ट्यातील कंपने टिपतो. माणसाचा कान तरुणपणी याहून कितीतरी वरचे स्वर ऐकतो. परंतु वय वाढते तशी वरच्या स्वरांची जाणीव आधी मंदावते आणि यंत्रांच्या गोंगाटात आयुष्य काढणाऱ्यांच्या कानांना ४,००० हर्ट्झच्या आसपास पहिली झीज लागते. साधे बोलणे बहुतांशी याच्या खालच्या पट्ट्यात असते. त्यामुळे असा माणूस गप्पा नीट मारतो, फोनवर बोलतो, आणि आपले काही हरवले आहे हे त्याला वर्षानुवर्षे कळत नाही.

आता पेट्रोलच्या आकड्याकडे वळू. ऑक्टेन अंक हा इंधन आपणहून पेटण्यास किती विरोध करते याचे माप आहे. १९२६ च्या सुमारास ग्रॅहम एडगर या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने यासाठी दोन शुद्ध द्रव्ये निवडली. सामान्य हेप्टेन हा सात कार्बनांच्या सरळ साखळीचा रेणू फार लवकर पेटतो, म्हणून त्याला शून्य दिले. आयसोऑक्टेन हा आठ कार्बनांचा, फांद्या फुटलेला रेणू दीर्घकाळ तग धरतो, म्हणून त्याला शंभर दिले. एखादे पेट्रोल ९५ टक्के आयसोऑक्टेन आणि ५ टक्के हेप्टेन यांच्या मिश्रणाइतकेच ठोकत असेल, तर त्याचा अंक ९५. ही तुलना आजही एका सिलिंडरच्या खास इंजिनावर केली जाते. त्यात चालू अवस्थेत सिलिंडर वरखाली सरकवून संपीडन बदलता येते.

या इंजिनावर दोन परीक्षा होतात. मिनिटाला ६०० फेऱ्यांची सौम्य परीक्षा रिसर्च ऑक्टेन अंक, म्हणजे आरओएन देते. ९०० फेऱ्यांची आणि तापविलेल्या मिश्रणाची कठोर परीक्षा मोटर ऑक्टेन अंक, म्हणजे एमओएन देते. भारतात आणि युरोपात पंपावर पहिला अंक लिहितात, अमेरिकेत दोन्हींची सरासरी. म्हणून अमेरिकी चित्रफितीत ‘९१ भरा’ असा सल्ला ऐकून भारतात ९१ भरणे ही घोडचूक ठरते. तेथील ९१ हे येथील ९५-९६ च्या जवळ जाते.

या मापात ऊर्जेचा कोठेही उल्लेख नाही, हे विद्यार्थ्यांनी विशेष ध्यानात घ्यावे. इथेनॉलचा आरओएन १०८ च्या घरात आहे, तरीही एका लिटर इथेनॉलमधून पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा मिळते. मोठा आकडा इंजिनाला अधिक दाब सोसण्याची मुभा देतो. त्या मुभेचा उपयोग इंजिनाच्या रचनेला करता आला, तरच शक्ती वाढते. आदर्श ऑटो चक्रात संपीडन गुणोत्तर ८ असता कार्यक्षमता साधारण ५६ टक्के येते, तर १२ असता ६३ टक्के. प्रत्यक्षातील आकडे बरेच कमी असले तरी दिशा हीच राहते. टर्बोचार्जर हवा आधीच चेपून आत पाठवितो, त्यामुळे कडेच्या मिश्रणावरचा ताण आणखी वाढतो. स्पोर्ट्स कारला उंच अंक लागतो तो यासाठी. आठ-नऊ गुणोत्तराच्या जुन्या स्कूटरमध्ये शंभराचे पेट्रोल ओतल्याने ती तरुण होत नाही. तिच्या मालकाचे पैसे तेवढे जळतात.

मुलाच्या गाडीत ९१ चे पेट्रोल हिवाळ्यात का खपले आणि मे महिन्यात का खपले नाही, याचा उलगडा यातून होतो. थंडीत आत येणारी हवा गार असते, कडेचे मिश्रण पेटण्याच्या उंबरठ्यापासून दूर राहते. उन्हाळ्यात, चढणीवर, वरच्या गिअरमध्ये भार जास्त आणि फेऱ्या कमी असतात. मिश्रणाला तापायला वेळही मिळतो. सेन्सरने ठोका टिपला की संगणक ठिणगी उशिरा टाकतो. इंजिन वाचते, पण दाबाचा शिखरबिंदू उशिरा येतो, शक्ती घटते आणि पेट्रोल अधिक लागते. वाचविलेल्या पैशांतील काही भाग असा नकळत धुरातून निघून जात होता.

संगणक जे करतो तेच आबा हाताने करीत असत. डिस्ट्रिब्युटर किंचित फिरवून टायमिंग पुढे न्यायचे, चढणीवर ठोका कानावर आला की केसभर मागे घ्यायचे आणि तेथे नट आवळायचा. उद्यमनगरातून गाडी बाहेर पडली की तिची ठिणगी आबांच्या कानांनी लावलेली असे. या कौशल्याचा दुसरा अर्धा भाग मात्र त्या काळच्या पेट्रोलमध्येच मिसळलेला होता. ९ डिसेंबर १९२१ रोजी जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत थॉमस मिजली यांना आढळले की टेट्राइथाइल लेड नावाचे शिशाचे संयुग थोडेसे मिसळले तरी ठोका थांबतो. १९२४ च्या ऑक्टोबरात न्यू जर्सीतील बेवे येथील कारखान्यात हे संयुग बनविणारे पाच कामगार विषबाधेने दगावले. तरीही ते जगभर पसरले. भारतात १९९५ साली चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले आणि फेब्रुवारी २००० पासून देशभर शिशाचे पेट्रोल बंद झाले. मोटारींसाठी ते विकणारा शेवटचा देश अल्जीरिया होता. २०२१ मध्ये तेथेही ते थांबले.

त्या वर्षांत आबा कार्ब्युरेटरचे भाग पेट्रोलमध्येच धूत, काळे हात पेट्रोलनेच पुशीत आणि टाकी रिकामी करताना नळी तोंडाने ओढीत. सगळेच तसे करीत. स्वस्तात मिळालेल्या त्या ऑक्टेनची किंमत पंपाच्या फलकावर कधी लिहिली गेली नाही. मुलाने ही माहिती वाचली तेव्हा त्याला लहानपणीचा तो वास आठवला, जो आबा घरी आल्यावर ओसरीपर्यंत यायचा आणि जो त्याला आवडायचा.

शिसे गेल्यावर अंक वाढविण्यासाठी रेणूंची रचनाच बदलावी लागली. ऑक्टामॅक्सचे महत्त्व येथे आहे. शुद्धीकरणात जड तेल फोडताना चार कार्बनांचे वायू निघतात. उत्प्रेरकाच्या साहाय्याने त्यांतील रेणू दोन-दोन जोडले की आठ कार्बनांचे, फांद्यांचे रेणू मिळतात. एडगरने शंभर गुण दिलेल्या रेणूचे हे सख्खे भाऊबंद होत. सिलिंडरच्या गॅसच्या जातीचा वायू पेट्रोलच्या टाकीत मानाने बसतो, तो असा.

आबा तेथे असतानाच मुलाने एक साधा प्रयोग केला. टाकी जवळजवळ रिकामी झाल्यावर आधी ९५ चे प्रीमियम भरले, आणि ते संपत आल्यावर गुरुग्रामला जाऊन शंभराचे. तीच चढण, तोच गिअर, दुपारची तीच वेळ. ९१ वर मागे सरकणारी रेषा ९५ वर जवळजवळ जागेवर राहिली. शंभरावर ती ९५ सारखीच होती, कारण या इंजिनाच्या संगणकाला त्याहून पुढे जाण्याची योजनाच दिलेली नव्हती. ज्या गाड्यांच्या पुस्तिकेत ९८ ची शिफारस असते किंवा ज्यांचे संगणक शर्यतीसाठी नव्याने बसविलेले असतात, त्यांना शंभराचा लाभ होतो. या गाडीला तो नव्हता. बाजारात आले तेव्हा शंभराचे पेट्रोल दिल्लीत लिटरला १६० रुपये होते आणि साधे सुमारे ८२. पन्नास लिटरच्या टाकीमागे हा फरक ३,९०० रुपयांचा होतो. शंभराची ती पहिली टाकीच त्याची शेवटचीही ठरली. साध्याकडेही तो परत गेला नाही.

प्रयोगाच्या तिन्ही फेऱ्यांत आबा शेजारी बसले होते. पहिल्या फेरीत ठोका पुन्हा वाजला तेव्हा मुलाने पडद्यावरची रेषा त्यांना दाखविली. ती मागे सरकली की तो बोट वर करी. आबांनी तीनदा ते बोट वर जाताना पाहिले आणि तीनदा कान देऊन ऐकले. मग म्हणाले, “गाडी बाजूला घे.” बॉनेट उघडून त्यांनी लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक इंजिनला लावले, मूठ कानामागच्या हाडाला टेकवली आणि मुलाला इंजिन वाढवायला सांगितले. उभ्या गाडीत भार नसल्यामुळे ठोका मुळी होणारच नव्हता, हे दोघांनाही ठाऊक होते. आबा तरीही बराच वेळ तसेच उभे राहिले. नंतर हात पुशीत एवढेच म्हणाले, “कधीपास्नं वाजत असंल, कुणास ठावं.” तो प्रश्न गाडीबद्दलचा नव्हता.

कोल्हापूरला परतल्यावर त्यांनी कानांची तपासणी करून घेतली. आलेखाची रेषा खालच्या स्वरांत सरळ होती आणि पुढे ४,००० हर्ट्झच्या दिशेने उतरत गेली होती. त्याचे छायाचित्र त्यांनी मुलाला पाठविले आणि फोनवर विचारले, “तुज्या त्या सेन्सरला किती ऐकू येतं?”

“सात हजाराच्या पट्ट्यातलं स्वच्छ येतं, आबा.”

“मग त्याचं ऐक. आन् हितं पोरं टायमिंग लावत्यात, तर त्यास्नी पण कानाला बोंडं घालाय सांगतो.”

२०२३ च्या फेब्रुवारीपासून देशात वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल येऊ लागले आणि २०२५ पर्यंत ते जवळपास सर्वत्र पोहोचले. इथेनॉलमुळे साध्या पेट्रोलचा अंकही ९५ च्या घरात गेल्याचे पेट्रोलियम मंत्रालयाने सांगितले. अंकाचा प्रश्न असा परस्पर सुटला. परंतु लेबलावरची दुसरी ओळ, ‘इथेनॉल १० टक्क्यांपर्यंत’, आता महत्त्वाची झाली. इथेनॉल जुन्या रबरी नळ्या व सील फुगवू शकते, पाणी शोषून घेते आणि लिटरमागे ऊर्जा कमी देते. प्रीमियम नावाच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल नसतेच, असेही गृहीत धरता येत नाही. म्हणून आता तो पंपावर दोन प्रश्न विचारतो: ऑक्टेन किती आणि इथेनॉल किती. गाडीच्या नळ्या व सील तो दर सेवेच्या वेळी तपासून घेतो.

वाचकांपैकी ज्यांच्याकडे गाडी आहे, त्यांनी आज पेट्रोलच्या झाकणाची आतली बाजू एकदा वाचावी. किमान अंक लिहिला असेल तर त्याखाली जाऊ नये. शिफारशीचा अंक वेगळा असेल तर उन्हाळ्यात आणि घाटात तो पाळावा. त्याहून वरच्या अंकासाठी पैसे मोजण्यापूर्वी आपले इंजिन त्याचा उपयोग करू शकते का, हे पुस्तिकेत पाहावे. आणि घरात यंत्रांपाशी आयुष्य घालविलेले कोणी असेल, तर त्यांचे कान एकदा तपासून घ्यावेत. उद्यमनगरातील त्या गॅरेजात आता घाटाची चाचणी असली की आबा स्टिअरिंगवर बसतात, आणि शेजारी बसलेला वीस वर्षांचा पोरगा ठोका ऐकू आला की बोट वर करतो.